अंगाला अळणी

सूप खारट झालं ही तक्रार पहिल्यांदा आली तेव्हा मी हसले. दुसऱ्यांदा आली तेव्हा चिडले. तिसऱ्यांदा खानावळीच्या साहेबांनी मला ऑफिसात बोलावून हातात कागद ठेवला, तेव्हा मात्र तोंडचं पाणी पळालं.

मी या इस्पितळाच्या कर्मचारी खानावळीत बावीस वर्षं मुख्य स्वयंपाकीण आहे. रुग्णांचं जेवण पलीकडच्या स्वयंपाकघरात होतं, तिथं आहारताईंचं राज्य, सगळं तोलूनमापून. माझ्याकडे जेवतात ते डॉक्टर, नर्सा, वॉर्डातली माणसं, झाडलोट करणारे, अँब्युलन्सचे ड्रायव्हर. साडेतीनशे पानं रोजची. आणि आमच्यात ज्याच्या हातात मोठा डाव, तो मुख्य. माझा डाव स्टीलचा आहे, हातभर लांब दांड्याचा. चटका बसू नये म्हणून दांड्याला मीच सुतळी गुंडाळली आहे. तो दुसरं कोणी उचलत नाही. उचलला तर ऐकून घ्यावं लागतं.

कागदावर लिहिलं होतं की येत्या शुक्रवारी तीन जणांची समिती माझ्या हातच्या सूपची चव घेईल. समितीचं समाधान झालं नाही तर मला शेगडीवरून काढून कोठारात बसवण्यात येईल. कोठारात म्हणजे दिवसभर बटाट्याच्या पोत्यांकडं बघायचं आणि उंदरांशी गप्पा मारायच्या.

"साहेब, बावीस वर्षांत कधी मीठ जास्त झालं होतं का?"

"म्हणूनच तर म्हणतोय, आता दमलात तुम्ही."

दमलात! हा शब्द मी चार महिने ऐकत होते आणि माझ्या डोक्यात तिडीक जात होती.

कारण चार महिन्यांपूर्वी माझ्या गळ्यातली ग्रंथी आजारी निघाली होती. थायरॉईड. अंगात त्राण नाही, भर दुपारी शेगडीपुढं थंडी वाजतेय, म्हणून मी आमच्याच इस्पितळात सतरा नंबरच्या खोलीत दाखवायला गेले. तिथला डॉक्टर पोरसवदा, गोड बोलणारा. आम्ही त्याला सतरा नंबर म्हणतो. त्यानं रक्त तपासलं आणि सांगितलं, "काकू, शरीराचे पहारेकरी असतात ना, जंतूंशी लढणारे, ते चुकून तुमच्याच ग्रंथीवर तुटून पडलेत."

"म्हणजे घरभेदीच की मेले."

तो हसला. त्यानं बारीकशी पांढरी गोळी लिहून दिली. सकाळी अनशापोटी घ्यायची, वर अर्धा तास चहासुद्धा नाही. सहा आठवड्यांत टवटवीत व्हाल म्हणाला.

टवटवीत कसली डोंबलाची! गोळी सुरू झाली आणि मी आणखीच खंगायला लागले. सकाळी मळमळ. वाकून पातेलं पुसून उठले की डोळ्यांपुढं अंधारी. पाय म्हणजे ओली पोती. आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. माझ्या मनगटावरचं घड्याळ सारखं कोपराकडं घसरायला लागलं म्हणून त्यांनी पट्ट्याला एक भोक पाडून दिलं. महिन्याभरानं आणखी एक. मला जो आजार सांगितला होता त्यात बायका सुटतात, असं सगळ्या जणी म्हणत होत्या. मी तर वाळत चालले होते.

आणि रंग! माझा रंग मुळातला गव्हाळ, तो काळवंडत चालला. तळहाताच्या रेषा तर कोणी शाईच्या पेनानं गिरवून ठेवल्यासारख्या. मी लिंबाच्या फोडीनं घासल्या, भांड्यांच्या साबणानं घासल्या, ढिम्म फरक नाही. एक नर्स म्हणाली, "कुठं फिरायला गेला होता का हो? छान ऊन लागलंय." मी पहाटे अंधारात आत शिरते ते दिवस कलल्यावर बाहेर पडते. ऊन मला कुठून लागणार, ट्यूबलाइटचं?

मी हे सगळं वहीत लिहून ठेवलं. माझी भाज्यांची वही आहे, तिच्या मागच्या पानांवर. तारीख, गोळी, काय झालं. वही घेऊन परत सतरा नंबरकडं गेले. त्यानं रिपोर्ट बघितला आणि गोळी वाढवली.

"अहो, गोळीनंतरच बिघडलंय. हे बघा, लिहून आणलंय."

"काकू, नेटवर वाचलेलं डोक्यातून काढून टाका. वेळ लागतो याला."

"नेट कुठलं? ही कोबी-गाजराची वही आहे!"

त्यानं वही उघडली नाही. ग्रंथींच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना दाखवते म्हटलं, तर खिडकीवरची बाई म्हणाली की त्यांची पुढली तारीख तीन महिन्यांनंतरची. तीन महिन्यांनंतर! तोवर माझा फोटोच भिंतीवर लागला असता.

घरी तर आणखी कहर. हे जेवताना म्हणाले, "सोड ना आता. कोठारात काय वाईट आहे? निदान बसायला खुर्ची मिळेल."

"खुर्ची तुमच्या दुकानात ठेवा," मी म्हटलं, आणि तीन तास त्यांच्याशी बोलले नाही. मी तीन तास गप्प म्हणजे काय, ते शेजाऱ्यांना विचारा. पण खरं सांगू? त्या दिवशी मी न्हाणीघरात नळ सोडून रडले. ते म्हणाले म्हणून नाही. मला क्षणभर वाटलं की ते म्हणतात तसंच असेल, म्हणून. मी संपलेय, आणि मलाच कळत नाहीये.

मिठाचं खरं प्रकरण उघडकीला आणलं आमच्या मावशीनं. मावशी म्हणजे भाज्या सोलणारी. साठीच्या पुढं गेलेली, तोंडात दात चार, पण त्या तोंडाला कुलूप नाही. कागद मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती कोठारात कांदे आणायला आली, आणि मी पोत्याआड उभी राहून मिठाची चिमूट तोंडात टाकत होते.

"अगं बाई! नुसतं मीठ खातेस?"

"हळू बोल."

"किती दिवस?"

मी काय सांगणार? ॲप्रनच्या खिशात मिठाची पुडी असायची. आधी दिवसातून एकदा, मग दर तासाला. लाजेपोटी कोणाला बोलले नव्हते. स्वयंपाकीण चोरून मीठ खाते, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

मावशीनं कांद्याची टोपली खाली ठेवली. "आणि तुला वाटतंय लोक तुझ्यावर उठलेत. चल, वजन कर."

"कशाचं?"

"तुझ्या मुठीचं."

मी मीठ कधी तोलत नाही. साठ लिटरच्या पातेल्याला तीन मुठी, हा माझा हिशोब. पण वहीच्या पहिल्या पानावर, बावीस वर्षांपूर्वी नवी असताना, मी लिहून ठेवलं होतं: साठ लिटरला साडेचारशे ग्रॅम. मी तराजूवर माझ्या तीन मुठी टाकल्या. मावशीनं आकडा मोठ्यानं वाचला. सातशे दहा.

"तीन तर तीनच टाकल्या!" मी म्हटलं.

"तीनच. पण त्यातली एकेक दीड आहे."

माझा हात माझ्याशी खोटं बोलत होता. घाबरलेच मी. म्हणजे जीभ गेली की काय? जिभेशिवाय कसली स्वयंपाकीण? मी लगेच दोन छोटी पातेली चढवली. एकात वहीप्रमाणं मीठ, दुसऱ्यात माझ्या मुठीप्रमाणं. मावशीला म्हटलं, वाट्या बदलून दे, मला सांगू नकोस. मी एक घोट घेतला, दुसरा घोट घेतला. आणि मला कळलं! पहिलं बरोबर, दुसरं खारट, अगदी स्वच्छ कळलं. आठ वेळा बदलून दिल्या, आठही वेळा बरोबर ओळखलं.

जीभ शाबूत होती. पण हात मात्र दुसऱ्याच वाटीकडं जात होता. ती खारट वाटी मी तिथंच उभ्यानं रिकामी केली, आणखी मागितली. मावशीनं ती भरून दिली.

"ही हौस नाही गं," ती म्हणाली. "हे तुझं अंग मागतंय."

त्या दुपारी मी साहेबांचा कागद पुन्हा वाचला. सगळ्यात खाली, मुंगीच्या अक्षरात एक ओळ होती: कर्मचाऱ्यास समितीतील एक सदस्य सुचवण्याचा हक्क राहील. मी तडक ऑफिसात गेले.

"साहेब, माझा सदस्य लिहून घ्या. ग्रंथींच्या मोठ्या डॉक्टरीणबाई."

साहेबांचं पेन हवेतच राहिलं. "त्या? त्या कशाला येतील सूप चाखायला?"

"ते त्या ठरवतील. नियम तुमचा आहे, मी फक्त वाचला."

"बाई, काहीतरी काय! एखादी नर्स सांगा, एखादा ड्रायव्हर सांगा."

"लिहिताय, की मी युनियनला नियम दाखवून येऊ?"

साहेबांनी लिहिलं. खानावळभर हसू झालं. मावशी म्हणाली, "तीन महिन्यांची तारीख तू सूपच्या वाटीवर मिळवलीस की!" मिळाली कुठं होती अजून. पण डाव टाकला होता.

शुक्रवारी मी उठले तेव्हा भिंत धरूनच उठले. ह्यांनी मला रिक्षानं आणून सोडलं, आणि दारात म्हणाले, "मी इथंच बाहेर थांबतो." मी म्हटलं, "दुकान?" ते म्हणाले, "घड्याळं काय, बंदच आहेत." मला भरून आलं, पण दाखवलं नाही.

गाजर, बटाटा, कांदा, वरून मिरी. साधं सूप. मीठ तराजूवर तोललं, साडेचारशे, एक कणही वर नाही. अंग ओरडत होतं, अजून टाक, अजून टाक. मी दातांवर दात दाबून धरले.

बारा वाजता समिती आली. साहेब, आहारताई, आणि मोठ्या डॉक्टरीणबाई खरंच आल्या. उंच, केस पांढरे, पायांत सपाट चपला. वाटी घेतली, चमचा घेतला, खुर्चीवर बसल्या. मला वाटलं होतं वैतागून येतील. त्या म्हणाल्या, "मला अकरापासूनच भूक लागलीय."

तिघांनी चाखलं. आहारताई म्हणाल्या, "अगदी योग्य." डॉक्टरीणबाईंनी अर्धी वाटी संपवली आणि मान हलवली. साहेबांनी हुश्श केलं. "चला, मग मिटलं. बाई, सही करा, तुमची जागा कायम."

सही केली असती तर डाव माझाच होता. पेन माझ्या समोर होतं. पण डॉक्टरीणबाई चमचा ठेवून उठायच्या बेतात होत्या, आणि त्या एकदा दाराबाहेर पडल्या की पुन्हा तीन महिने.

"मिटलं नाही," मी म्हटलं.

"आता काय?"

"सूप जिभेला बरोबर आहे. माझ्या अंगाला अळणी आहे."

साहेब कपाळाला हात लावून म्हणाले, "बाई, मिटलेल्या गोष्टीत मिठाचा खडा टाकू नका! असं बोलाल तर मला तुम्हाला शेगडीवर ठेवता येणार नाही."

"नका ठेवू! पण आधी ऐका. या खानावळीत रोज पन्नास डॉक्टर जेवतात. चार महिने सगळे म्हणताहेत, सूप खारट, सूप खारट. बाईचं सूप का खारट झालं, हे एकानंही विचारलं नाही. मी दमले नाही. माझं डोकं फिरलेलं नाही. माझं वय झालेलं नाही. माझी जीभ आठपैकी आठ वेळा बरोबर सांगते, आणि तरी मी पोत्याआड उभी राहून मीठ चाटते. मला सांगा का!"

डॉक्टरीणबाई पुन्हा खाली बसल्या. "मीठ चाटता? कधीपासून?"

मी खिशातून पुडी काढली आणि टेबलावर ठेवली. पुडीशेजारी वही ठेवली. मनगट पुढं करून घड्याळाच्या पट्ट्याची दोन नवी भोकं दाखवली. त्यांनी वही उघडली, मागची पानं एकेक वाचली. मग माझा हात हातात घेऊन तळवा उताणा केला.

"या रेषा पहिल्यापासून अशाच?"

"नाही हो. लिंबानं घासून घासून दमले."

"ओठ वर करा बघू." त्यांनी हिरड्या पाहिल्या. तिथंही काळे डाग होते, ते मला माहीतच नव्हते. "थायरॉईडची गोळी सुरू झाल्यावर बिघडलं, आणि वाढवल्यावर आणखी. हेच म्हणताय ना?"

"हेच. चार महिने हेच म्हणतेय."

"आडव्या व्हा. इथंच."

इथंच म्हणजे भाज्या चिरायच्या टेबलावर. मावशीनं गाजराची सालं झटक्यात बाजूला केली. ब्लडप्रेशरचं यंत्र आलं. आधी आडवं असताना मोजलं, मग मला उभं केलं. मला फक्त डॉक्टरीणबाईंचा आवाज आठवतो, "धरा, धरा त्यांना," आणि साहेबांचा, "मॅडम, हे खानावळीत कसं—" आणि परत त्यांचा, "तुम्ही सूप संपवा तुमचं."

जाग आली तेव्हा मी वॉर्डात होते, हाताला सलाईन. डॉक्टरीणबाईंनी मला माझ्या भाषेत समजावलं. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात. अंगातलं मीठ धरून ठेवायचं, संकटाला तोंड द्यायचं बळ पुरवायचं, हे काम त्यांचं. माझ्या घरभेद्यांनी गळ्याबरोबर त्यांचाही फडशा पाडला होता. मीठ अंगात ठरतच नव्हतं. आणि वरून थायरॉईडची गोळी.

"म्हणजे पातेल्यात पाणी नाही आणि आच वाढवली," मी म्हटलं.

"बरोबर तेच. आणखी आठवडाभर तसंच चाललं असतं, तर तुम्ही मला भेटला नसता."

मी वर बाटलीकडं पाहिलं. सलाईन म्हणजे काय, मिठाचं पाणी. चार महिने माझं अंग जे मागत होतं ते शेवटी थेंब थेंब येत होतं. मी हसायला लागले आणि हसता हसता रडले, आणि बाजूला बसलेल्या ह्यांनी माझ्या मनगटावरून काढलेलं घड्याळ मुठीत घट्ट धरलं होतं.

हा आजार जायचा नाही. गोळ्या आयुष्यभर, चुकवायच्या नाहीत. ताप आला, पडलेझडले, तर काही गोळ्या दुप्पट. पाकिटात कार्ड ठेवायचं. दर वर्षी साखर तपासायची, कारण हे घरभेदी एका घरावर थांबत नाहीत. मी म्हटलं, राहू दे. बावीस वर्षं साहेबांना सांभाळलंय, यांनाही सांभाळीन.

सतरा नंबर तिसऱ्या दिवशी आला. पलंगाशी उभा राहिला, स्टेथोस्कोपशी चाळा करत. "काकू, मी तुमची वही बघायला हवी होती."

"हवी होती. आता बघ."

तो स्टुलावर बसला आणि शेवटच्या पानापर्यंत वाचून उठला. माझा राग तेवढ्यानं गेला नाही. पण तो पुढच्या बाईची वही उघडेल, एवढं मला दिसलं.

आणि साहेबही आले. संत्री घेऊन आले, आणि संत्र्यांखाली कागद. "प्रकृतीच्या कारणास्तव मी स्वेच्छेने कोठारात बदली मागत आहे." खाली सहीसाठी रिकामी जागा.

"तुमच्या भल्यासाठीच," साहेब म्हणाले. "डॉक्टरांनी परवानगी दिली तरी, शेगडीपुढं परत चक्कर आली तर? जबाबदारी कोणाची?"

"ठेवा इथं. विचार करते," मी म्हटलं.

तीन आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी कामावर जायचं पत्र दिलं. मी खानावळीत शिरले तर सगळे शेगडीपाशी उभे. मावशीनं वाटीत सूप वाढून पुढं केलं. तिच्या चार दातांचं हसू कानापर्यंत गेलं होतं. "तुझ्यासाठी खास केलंय. तुला लागतं तसं."

मी मोठा घोट घेतला. आणि थू करून मोरीत थुंकले.

"शी! किती मीठ घातलंस गं? खारट आहे!"

मग माझं मलाच कळलं मी काय म्हटलं ते. जिभेला खारट, आणि अंगालाही खारट. दोघांचं एकच मत, कितीतरी महिन्यांनी. मावशीनं टोपली भिरकावली आणि मला मिठी मारली, कांद्याच्या हातांनी. मी म्हटलं, "मला तू नाही, तुझा कांदा रडवतोय," आणि मग आम्ही दोघी मनसोक्त रडलो.

आवाज ऐकून साहेब आले. शेगडीशी मला पाहून थबकले. "बाई, तो कागद? सही राहिली होती."

मी डाव उचलला. सुतळी सैल झाली होती, ती आधी घट्ट केली. मग तराजू ओढला आणि ॲप्रनच्या खिशातून पुडी काढली. इस्पितळातून निघताना मी सवयीनं बांधून घेतली होती, पण त्यानंतर एकदाही उघडली नव्हती. आता उघडली, सगळं मीठ ताटलीत ओतलं, वर डब्यातलं घालून साडेचारशे पुरं केलं आणि पातेल्यात सोडलं.

पुडीचा कागद झटकला, चार घड्या उलगडल्या आणि साहेबांच्या हातात दिला.

"घ्या साहेब तुमचा कागद. जरा खारट झालाय."